कोल्बीला वाढवायची मोहीम

तसं पाहिलं तर त्या लेखात ड्वेन व्हॉसबर्गने मनाला लावून घ्यावं असं काही नव्हतं. कॅलोवे स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या बारीकसारीक बातम्या देणारी एक वेबसाइट होती. हंगाम संपल्यावर तिच्यावर कुणीतरी ‘यंदा मैदान फारसं न दिसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं पुढे काय’ या विषयावर लांबलचक लेख लिहिला होता. प्रत्येक मुलाला एकेक परिच्छेद मिळाला होता. कुणाच्या वेगाचं कौतुक होतं, कुणाच्या गुडघ्याबद्दल चिंता होती, एकाच्या बाबतीत तर त्याचे आजोबा या कॉलेजात कसे खेळत हेही आलं होतं. कोल्बी व्हॉसबर्ग सगळ्यात शेवटी होता. त्याच्या वाट्याला परिच्छेद आला नव्हता. तीन वाक्यं आली होती. ‘उंची आहे. वजन नाही. पाहू.’

उंची आहे हे ड्वेनला मान्य होतं. वजन नाही हेही, मुलगा दारातून आडवा आला तर कळणार नाही असा असल्यामुळे, नाकारता येत नव्हतं. पण ‘पाहू’ हा शब्द त्याच्या घशात अडकला.

“पाहू म्हणजे काय?” त्याने बायकोला विचारलं.

डेनिस दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची आणि सकाळी घाईत असायची. “पाहू म्हणजे पाहू.”

“अगं, असं कुणी कुणाच्या मुलाबद्दल लिहितं का? पाहू! जसा काही तो ढग आहे.”

“तूही म्हणतोस की. नळ गळतोय म्हटलं की काय म्हणतोस?”

ड्वेनने नळाकडे पाठ केली. तो एका विमा कंपनीत गारपिटीने फुटलेल्या छपरांची पाहणी करत असे. आयोवात गारा भरपूर पडतात, त्यामुळे ओल्डन गावात त्याला मान होता. शिडीवर चढून, चष्मा सरकवून, ‘हे गारांचं आहे आणि हे तुमच्या हलगर्जीपणाचं’ असं तो सांगत असे, आणि लोक ऐकून घेत. अशा माणसाच्या मुलाला ‘पाहू’ म्हणून निकालात काढावं, हे बरोबर नव्हतं.

कोल्बी पुढच्या फळीत खेळायचा. हा फुटबॉल पायांपेक्षा हातांनी आणि हातांपेक्षा खांद्यांनी खेळला जातो, आणि पुढच्या फळीचं काम म्हणजे समोरच्या अगडबंब मुलांना ढकलणं. ओल्डनच्या शाळेत तो हे काम उत्तम करायचा, कारण तिथे समोरची मुलंही शेजारच्याच गावची असत. कॉलेजात समोर येऊ लागले ते फ्रीजएवढे. वर्षभरात त्याला फक्त एका सामन्यात उतरवलं. कॅलोवे इतकं पुढे होतं की पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्यालाही पाठवलं असतं तरी चाललं असतं. कोल्बी मैदानात गेला, वाकला, आणि आपल्याच बाजूच्या खेळाडूने वेळ काढण्यासाठी चेंडू घेऊन गुडघा टेकला; तसं केलं की डाव तिथेच थांबतो. पुन्हा वाकला, पुन्हा गुडघा टेकला. मग शिट्टी झाली. ड्वेनने हे सगळं फोनवर चित्रित केलं होतं. स्वतः उड्या मारत असल्यामुळे त्यात पुढच्या रांगेतल्या गृहस्थाची टोपी फार छान आली होती.

वर आणखी एक भानगड होती. चारपर्यंत सामन्यांत तोंड दाखवलं तर ते वर्ष खेळला असं धरत नाहीत, असा नियम आहे. म्हणजे कोल्बी खेळला होता आणि कागदोपत्री खेळला नव्हता. ड्वेन हे लोकांना समजावून सांगू लागला की लोक घड्याळाकडे बघायचे.

त्याच दिवशी त्याने कोल्बीला फोन लावला.

“घाबरू नकोस. मी उपाय शोधलाय. नाताळच्या सुट्टीत तू घरी येशील ना, तेव्हा तीस पौंड वाढवून परत पाठवतो.”

“बाबा, ऐक ना. कोच मला बोलावून म्हणत होते की—”

“कोचना काय म्हणायचंय ते म्हणू दे. तू नुसता भूक घेऊन ये.”

“पण बाबा—”

“काळजी करायची नाही,” असं म्हणून ड्वेनने फोन ठेवला. आपण एका तरुण मनाला उभारी दिली याचं समाधान त्याला दिवसभर पुरलं.

पहिला सल्ला शेजारच्या हार्लन पेट्झनिककडून आला. हार्लन सत्तरीचा. शाळेत असताना कुस्ती खेळायचा, आणि त्या काळात त्याने एकच गोष्ट केली होती, वजन उतरवणं. वजनगटात बसण्यासाठी तो प्लास्टिकच्या पिशव्या अंगाला गुंडाळून पळायचा, थुंकायचा, जेवायचा नाही.

“मग वाढवण्याबद्दल तुम्हाला काय माहीत?” ड्वेनने विचारलं.

“अरे, सोपं आहे. मी जे जे केलं ते सगळं उलट करायचं. मी पळायचो, त्याला बसव. मी थुंकायचो, त्याला गिळू दे. मी उपाशी झोपायचो, त्याला झोपेतून उठवून खायला घाल. पण त्याआधी फ्रीझर घे. मोठा. माणूस मावेल एवढा.”

“माणूस कशाला?”

“माप म्हणून सांगतोय रे.”

ड्वेनने जुना, पेटीसारखा, वरून उघडणारा फ्रीझर शोधून आणला. तो तळघरात ठेवायचा ठरला, कारण अशी वस्तू तळघरात असते. तळघराचा जिना फ्रीझरपेक्षा दोन बोटं रुंद होता. ड्वेनने स्वतः मोजला होता. फक्त जिन्याला मध्ये वळण आहे हे त्याने धरलं नव्हतं. ते वळण घर बांधलं तेव्हापासून तिथेच होतं.

ड्वेन खालच्या बाजूला होता, हार्लन वरच्या. वळणावर फ्रीझर तिरका झाला आणि तसाच बसला. वर जाईना, खाली येईना. हार्लनने वरून एक लाथ घातली, तेव्हा तो आणखी पक्का बसला.

“आता?” खालून ड्वेनचा आवाज आला.

“आता तू आत आहेस आणि मी बाहेर,” हार्लन म्हणाला. आपण मदत करतोय असं त्याच्या स्वरावरून वाटत होतं.

डेनिस दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिचा नवरा तळघराच्या खिडकीतून बाहेर येत होता. खिडकी जमिनीलगत होती आणि बाहेर ढोपरभर बर्फ होता. ड्वेन कमरेपर्यंत आला आणि थांबला. दुसऱ्याच्या छपरावर त्याने अशा प्रसंगाची ‘टाळता येण्याजोगं नुकसान’ अशी नोंद केली असती.

शेवटी गावातला खाटीक ट्रॅम्पे आपल्या दोन माणसांना घेऊन आला. डुकरं उचलायची सवय असल्यामुळे त्यांनी फ्रीझर कठड्यासकट काढला. तो गॅरेजमध्ये ठेवला, आणि गाडी बाहेर बर्फात गेली. दुसऱ्या दिवसापासून ड्वेन सकाळी उठून काचेवरचा बर्फ खरवडू लागला.

डेनिस दारात कॉफीचा कप घेऊन उभी राहिली. “मला एक सांग. बाहेर सगळं गोठलंय. गॅरेज गोठलंय. माझ्या पापण्या गोठल्यात. आणि आपण त्यात थंडी करायचं यंत्र आणलंय.”

“ते थंडीचं नियमन करतं,” ड्वेन म्हणाला.

ट्रॅम्पेकडून एक अख्खं डुक्कर, कापून, गुंडाळून, नावं घालून घेतलं. ट्रॅम्पे मनाने मोठा माणूस. त्याने वर सॉसेजच्या माळा घातल्या, हाडं घातली, चरबीचा डबा घातला. “पोरासाठी आहे,” म्हणाला. “आपल्या गावचं पोर टीव्हीवर दिसलं पाहिजे.” आणि हे एवढ्यावर न थांबता त्याने दुकानावर एक कापडी फलक लावला. त्यावर कोल्बीचा शाळेतला फोटो होता, आणि खाली लाल अक्षरांत: ‘चला, कोल्बीला वाढवू या!’ फोटोत कोल्बीचे डोळे अर्धवट मिटले होते आणि शेजारी डुकराचं चित्र होतं. लांबून पाहणाऱ्याला नक्की कुणाला वाढवायचंय आणि कशासाठी, असा प्रश्न पडत असे.

फलक ओडेगार्डबाईंनी पाहिला. ओडेगार्डबाई समोरच राहत आणि चर्चमधल्या महिला मंडळाच्या प्रमुख होत्या. गावात कुणी जन्मलं, मेलं किंवा घसरून पडलं की मंडळाकडून हॉटडिश जायची. किसलेलं मांस, घट्ट सूप, वर बटाट्याच्या वड्यांचा थर आणि चीज, हे सगळं भट्टीत भाजलेलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आपल्यातला एक मुलगा वाळत चालला आहे.” बायकांनी पुढचं ऐकलं नाही. संध्याकाळपासून व्हॉसबर्गांच्या पायरीवर काचेची भांडी यायला लागली. भांड्यांच्या तळाशी चिकटपट्टीवर मालकिणींची नावं होती आणि प्रत्येकीला आपलं भांडं धुऊन, पुसून आणि वेळेत हवं होतं.

इथवर ठीक होतं. मग कॉलेजमधून फोन आला.

फोन करणाऱ्याचं नाव फेंडर. तो कॉलेजच्या नियमपालन विभागात होता; खेळाडूंनी बाहेरच्यांकडून फुकट काही घेऊ नये हे पाहणं त्याचं काम. आवाज तरुण होता, पण त्यात कुठेही चढ किंवा उतार नव्हता. कुणीतरी ट्रॅम्पेच्या फलकाचा फोटो त्याला पाठवला होता.

“मिस्टर व्हॉसबर्ग, आपला मुलगा बाहेरच्या लोकांकडून खाद्यपदार्थ घेतो आहे का?”

“तो अजून घरी आलेला नाही. पदार्थ आलेत.”

“देणाऱ्या व्यक्ती संघाच्या चाहत्या आहेत का?”

ड्वेनने विचार केला. “ओडेगार्डबाई म्हणतात हा रानटी खेळ आहे, आणि तो बंद केला पाहिजे.”

“हे त्या लेखी देतील का?”

“त्या मागितलं नाही तरी देतील.”

“आपला मुलगा खेळाडू नसता तरी त्यांनी हे पदार्थ दिले असते का?”

“साहेब, त्या कुणालाही देतात. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा—”

“म्हणजे आजारी व्यक्तीला. आपला मुलगा आजारी आहे का?”

“नाही हो. ठणठणीत आहे.”

“मग अडचण आहे,” फेंडर म्हणाला.

फलकाचं त्याहून अवघड निघालं. कोल्बीने ट्रॅम्पेशी रीतसर करार करून जाहिरात केली असती आणि मोबदला घेतला असता, तर काही हरकत नव्हती. तो त्याचा हक्कच होता. फुकट सॉसेज मात्र तपासून पाहावं लागणार होतं.

“म्हणजे मोबदला घेतला तर चालतं आणि बटाटे घेतले तर चालत नाही?”

“मी असं म्हटलेलं नाही. मी विचारून सांगतो.”

“आणि तोवर त्याने काय खायचं?”

फेंडर कागद चाळत असल्याचा आवाज आला. “तोवर पदार्थ संपूर्ण कुटुंबासाठी आलेत असं धरून चालावं. मुलाने एकट्याने खाऊ नयेत.”

ड्वेन नियम मानणारा माणूस. तीस पौंड मिळवण्याच्या नादात मुलाची शिष्यवृत्ती घालवली, असं त्याच्या नावावर लागायला नको होतं. त्याने त्याच संध्याकाळी ठरवलं की कोल्बी जे खाईल ते आपणही खायचं, आणि तेवढंच खायचं. डेनिसने यातून अंग काढून घेतलं. “मी कुटुंबात आहे हे फेंडरला कळवू नकोस,” ती म्हणाली.

कोल्बी सुट्टीला घरी आला तो बसमधून ट्रॅम्पेच्या दुकानासमोरच उतरला. फलक त्याने तिथेच वाचला. घरी आल्यावर त्याने बॅग ठेवली, फ्रीझर पाहिला, जिन्याचा उखडलेला कठडा पाहिला, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या उतरंडी पाहिल्या.

“बाबा, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“जेवता जेवता बोल,” ड्वेनने त्याला खुर्चीत बसवलं. पण तोंडात एवढं हॉटडिश असताना कुणालाच बोलता येत नाही.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी अंडी, डुकराचं मांस आणि पॅनकेक. दुपारी हॉटडिश. संध्याकाळी दुसऱ्या बाईंची हॉटडिश, कारण पहिल्या बाईंचं भांडं परत करताना ‘दुसरीची जास्त आवडली का?’ असं विचारलं जात असे. झोपण्यापूर्वी मलईचं दूध. ते संपलं की हार्लन कुंपणावरून हाक मारून विचारायचा, “बसवलंयस ना त्याला? हलू देऊ नकोस!” कोल्बी मुकाट्याने खात होता. त्याच्या शेजारी बसून ड्वेनही खात होता, आधी कर्तव्य म्हणून, मग सवयीने, आणि मग, खरं सांगायचं तर, आवडीने. त्याने पट्ट्याचं एक भोक सोडलं. मग दुसरं. कोल्बीचा पट्टा जिथे होता तिथेच राहिला. खाल्लेलं सगळं कुठे जात होतं हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

वजन पाहायची कल्पना ट्रॅम्पेची. त्याच्याकडे डुकरं तोलायचा जमिनीसरसा काटा होता आणि त्याचा आकडा सगळ्या दुकानाला दिसायचा. “घरच्या काट्यांवर माझा विश्वास नाही,” तो म्हणाला. शनिवारी सकाळी ड्वेन कोल्बीला घेऊन गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण तिघंच असू. दुकानात गाव लोटलं होतं. महिला मंडळ पुढच्या रांगेत. हार्लन जुना कुस्तीचा बिल्ला लावून आलेला. कुणीतरी कॉफीही ठेवली होती.

आदल्या दोन दिवसांत एक गोष्ट झाली होती, ती ड्वेनने कुणाला सांगितली नव्हती. एक हॉटडिश गाडीत राहिली होती. बर्फात आहे, टिकेल, अशा हिशेबाने ड्वेनने ती गरम करून वाढली. पण गाडीचा हीटर आदल्या दिवशी बराच वेळ चालू होता. रात्रीपासून कोल्बी न्हाणीघरात ये-जा करत होता. ड्वेनला काही झालं नव्हतं. त्याचं पोट एव्हाना कशालाही तोंड देण्याइतकं तयार झालं होतं.

कोल्बी बूट काढून काट्यावर उभा राहिला. आकडा हलला आणि थांबला.

सगळे आकड्याकडे वाकले. सुट्टीच्या आधीपेक्षा चार पौंड कमी.

“काटा बिघडलाय,” ट्रॅम्पे म्हणाला.

“काटा ठीक आहे,” हार्लन म्हणाला. “मी ओळखतो. हे वजन उतरवलंय. उत्तम उतरवलंय. कसं केलंस रे पोरा?”

“थांबा, थांबा,” ट्रॅम्पेने ड्वेनला धरून काट्यावर लोटलं. “खात्री करून घेऊ. ड्वेन, तुझं नेहमीचं वजन किती?”

ड्वेनने नेहमीचं वजन सांगितलं. काट्याने वेगळंच सांगितलं. तीस पौंड ठरले होते, त्यातले बहुतेक आले होते. फक्त पत्ता चुकला होता.

हसण्याची लाट प्रथम मागून उठली. ओडेगार्डबाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, त्यांनी ड्वेनच्या पोटाकडे पाहिलं आणि त्या गंभीरपणे म्हणाल्या, “माझं भांडं अजून तुमच्याकडे आहे.”

दोघं गाडीने परत निघाले. ड्वेनचे कान लाल झाले होते. सोमवारी याच लोकांच्या छपरांवर चढून त्यांना हलगर्जीपणाबद्दल बोलायचं होतं. आणि शिडी आता हे वजन पेलते का, तेही पाहून घ्यावं लागणार होतं.

“बाबा,” कोल्बी म्हणाला, “मला वजनाची गरजच नाही.”

“असं म्हणू नकोस. अजून आठवडा आहे.”

“अरे, ऐकशील का जरा? कोचनी मला नोव्हेंबरातच सांगितलं. म्हणाले, तू पुढच्या फळीत कधीच बसणार नाहीस. कितीही खा. तुझी हाडंच तेवढी नाहीत.”

ड्वेनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बर्फात चाक थोडं रुतलं, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“पहिल्या फोनवर सांगत होतो. तू ठेवलास. मग आईने सांगितलं, तू फ्रीझर आणलास, आणि खिडकीत अडकलास. मग डुक्कर आलं. आता काय सांगणार? डुक्कर परत घेतात का?”

ड्वेन स्टिअरिंगकडे पाहत राहिला. त्याला राग आला होता, पण तो नेमका कुणाचा हे ठरत नव्हतं. ठरलं तेव्हा त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

“म्हणजे संपलं सगळं?”

“नाही. ते म्हणाले, स्नॅपर होशील का?”

“स्नॅपर?”

“लांबवरची किक मारायची असते ना, तेव्हा मधला एक जण वाकून पायांच्या मधून चेंडू मागे फेकतो. पंधरा यार्ड. तो. आमचा स्नॅपर यंदा कॉलेजातून बाहेर पडतोय. आणखी दोघंही ती जागा मिळवायला बघतायत. मी रोज व्यायामशाळेच्या मागे भिंतीवर फेकतोय. मला जमतंय, बाबा.” जरा थांबून तो म्हणाला, “आणि नाही जमलं तर मी सोडणार आहे. आणखी एक वर्ष बाकावर नाही बसणार.”

ड्वेनने डोळे मिटले. वाकून पायांच्या मधून चेंडू मागे फेकणारा. आपला मुलगा काय खेळतो, हे आता लोकांना या शब्दांत सांगावं लागणार होतं. त्याने त्या जागेवर खेळणाऱ्या एखाद्या खेळाडूचं नाव आठवून पाहिलं. जन्मभर फुटबॉल पाहूनही एकही आठवेना.

“त्यांची नावं कुणालाच का माहीत नसतात?”

“चुकलं तरच माहीत होतं,” कोल्बी म्हणाला. “चेंडू डोक्यावरून गेला की सगळ्या स्टेडियमला नाव पाठ होतं.”

ड्वेनने रुतलेलं चाक बर्फातून बाहेर काढलं आणि गाडी घराकडे घेतली. गॅरेजसमोर गाडी लावल्यावर त्याने विचारलं, “भिंतीवर फेकून तुला कळतं का, हातात नीट येतोय की नाही?”

“नाही कळत.”

“मग भिंतीवर कशाला फेकतोस?”

त्या दुपारी ड्वेन मागच्या अंगणात बर्फ उकरून पंधरा यार्डांवर उभा राहिला. पहिला चेंडू त्याच्या छातीवर आला. दुसरा त्याने हाताने पकडला असं त्याला वाटलं, पण करंगळीला तसं वाटलं नाही. तिसरा कुंपणावरून हार्लनच्या अंगणात गेला आणि तिथून हार्लन सल्ला घेऊन परत आला. चौथ्यानंतर डेनिस मागच्या दारात आली. तिने नवऱ्याला वाकून, हात पसरून, बर्फात उभं असलेलं पाहिलं. आत जाऊन दवाखान्यातलं चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन आली आणि तिने त्याची करंगळी बांधून दिली.

वसंत ऋतूपर्यंत हे चाललं. शनिवार-रविवारी कोल्बी घरी यायचा, एरवी ड्वेन कॉलेजात जायचा. डुक्कर चर्चच्या जेवणात संपलं, आणि फेंडरचं उत्तर त्यानंतर आलं. हॉटडिश चालेल, असं त्याने कळवलं. ट्रॅम्पेने फलक उतरवला. कुणी विचारलं की मुलगा कुठल्या जागेवर खेळणार, की ड्वेन सुरुवातीला ‘किकच्या विभागात आहे’ असं मोघम सांगायचा. समोरच्याने नीट विचारलं तर वाकून दाखवायचा. एकदा छपरावर दाखवलं, तेव्हा घरमालक घाबरला.

उन्हाळ्याच्या शेवटी कोचनी निवड केली. कोल्बीने फोन केला तेव्हा ड्वेन शिडीवर होता. तो पूर्ण ऐकून घेईपर्यंत मधे एक शब्द बोलला नाही. मग खाली उतरला, घरमालकाशी हस्तांदोलन केलं, आणि त्या छपराच्या सगळ्या खुणा गारांच्याच आहेत असं लिहून दिलं.

हंगामातला पहिला घरचा सामना. पाऊस आणि आडवा वारा. कॅलोवे मागे होतं, आणि चेंडू त्यांच्याच गोलरेषेला अगदी चिकटून अडकला होता. किक मारून तो लांब घालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फेक जरा इकडची तिकडे झाली की समोरच्यांना आयते गुण. मैदानात अकरा जण गेले. मधला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बारीक होता. तो वाकला.

ड्वेनने डेनिसचा हात धरला. तिच्या हाताला लागतंय हे त्याला कळलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही. आसपासचे लोक या वेळात सॉसेज खात होते, फोन बघत होते, कोण कधी बाहेर जाणार हे ठरवत होते. पावसातून चेंडू कोल्बीच्या पायांमधून निघाला. वळवळ न करता, सरळ, ओल्या हवेतून ओढलेल्या रेघेसारखा गेला, आणि मागच्या मुलाच्या दोन्ही हातांत बसला. किक गेली. उंच, लांब, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला.

लोक सॉसेज खात राहिले. ड्वेन मात्र बाकावर चढला होता. दोन्ही हात वर करून, घसा फाटेपर्यंत ओरडत होता. शेजारी डेनिस उड्या मारत होती. तिच्या रेनकोटची टोपी मागे पडली होती, आणि केसांतून पाणी निथळत होतं.

पुढच्या रांगेतला गृहस्थ दचकून मागे वळला. त्याच्या तोंडात घास होता.

“काय झालं? काय झालं? मी खाली बघत होतो.”

“काहीच झालं नाही,” ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. त्याने मैदानाबाहेर धावत येणाऱ्या बारीक मुलाकडे बोट दाखवलं. “तो माझा मुलगा.”